गावाच्या राखणीसाठी वेगळी पट्टी: द्यायची की नाही?

बांधावरून (सांगोला)
ग्रामपंचायतीने घरपट्टी-पाणीपट्टीसोबत राखणपट्टीही घ्यावी आणि त्या पैशातून रात्रीच्या गस्तीला गणवेशातली माणसं मिळवावीत, असं माझं मत आहे. विरोध होणार हे माहीत असूनच लिहितोय.

आमच्याकडे चोरी म्हणजे सोनं-नाणं नव्हे. डीपीतलं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधलं) तेल आणि तांबं, विहिरीवरची मोटर, केबल, शेळ्या, तोडणीला आलेलं डाळिंब. एक डीपी फोडून चोराला मिळतात चार-सहा हजार, पण त्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांचं पाणी बंद पडतं आणि नवा बसेपर्यंत बागा तहानलेल्या राहतात. ठाणं लांब. एका बीट अंमलदाराकडे डझनभर गावं, आणि त्यातही आषाढी-कार्तिकी, निवडणूक किंवा कुणा मंत्र्याचा दौरा आला की तो बंदोबस्ताला. 112 वर फोन केला तर उचलतात, गाडीही निघते, पण ती पोचेस्तोवर चोर कर्नाटकात.

हिशेब मांडतो. होमगार्डचा भत्ता 2024 मध्ये दिवसाला 570 वरून 1,083 रुपये झाला. दोन होमगार्ड, 365 रात्री, म्हणजे 7,90,590 रुपये. पाचशे उंबऱ्यांची दहा गावं एकत्र आली तर घरटी वर्षाला 158 रुपये. माणसं होमगार्डच्या तालुका पथकातून यावीत, हुकूम ठाण्याचाच चालावा. गावाने पैसे भरायचे आणि ग्रामसभेत हिशेब मागायचा. एवढंच.

कलम आणि पोटकलम
कायद्याचं आधी बघून घेऊ. पोलीस हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीला स्वतःचं पोलीस दल काढता येणार नाही. राखणदाराचं वेगळं. ग्रामपंचायत कायद्याला जोडलेल्या गावसूचीत गावाची आणि पिकांची राखण हा विषय आहे, आणि तिचा खर्च गावातल्या लोकांकडून वसूल करायची तरतूदही. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून कॅमेरे बसवता येतात, पगार देता येत नाहीत. म्हणजे माणूस हवा असेल तर पट्टीशिवाय गत्यंतर नाही. तुमचा प्रस्ताव वाटतो तेवढा हवेतला नाही.

काळी कसदार
कायद्यात बसतं म्हणून बरोबर ठरतं का? डिझेलवर कर भरतो, खतावर जीएसटी भरतो, कारखाना उसाच्या बिलातून टनामागे कपात करतो ती वेगळीच. मोजणीला बंदोबस्त हवा तर त्याचेही पैसे मोजायला लावतात. आता चोरापासून वाचवायचे अजून 158? उद्या तलाठ्याच्या पगाराला पट्टी काढाल.

इतिहासातलं एक सांगतो. 1923 साली आपल्याच मुंबई इलाख्यातल्या बोरसद तालुक्यात बाबर देवाच्या टोळीने दरोडे घालून लोकांना हैराण केलं होतं. सरकारला तो सापडेना. मग जादा पोलीस आणले आणि त्यांचा खर्च लोकांवर टाकला, माणशी 2 रुपये 7 आणे. लुटलं गेलं लोकांना आणि दंडही लोकांनाच. वल्लभभाईंनी लढा उभारला, गावंच्या गावं कुलपं लावून बसली, जप्तीवाल्यांना दारं उघडी सापडेनात. 1924 च्या जानेवारीत सरकारने ती पट्टी मागे घेतली. तुम्ही शंभर वर्षांनी तीच पट्टी स्वतःच्या हाताने मागताय!

आणि खरी भीती पुढचीच आहे. गाव पैसे भरतंय म्हटल्यावर गृहखातं ठाण्यातली रिकामी पदं कशाला भरेल? शिपायाचं मूळ वेतन 21,700 पासून सुरू होतं, वर भत्ते, घर, निवृत्ती. त्याच्या जागी 1,083 रुपये रोजाचा माणूस, तोही गावाच्या खर्चाने. कुठल्या अर्थमंत्र्याला नको असेल?

बांधावरून
बोरसदला कुणी ग्रामसभा घेऊन विचारलं नव्हतं. ती शिक्षा होती, वर 'तुम्हीच दरोडेखोरांना आसरा देता' हा आरोप. ग्रामसभेने ठराव करून लावलेली, ग्रामसभेलाच रद्द करता येणारी पट्टी आणि कलेक्टरने डोक्यावर मारलेला दंड, यांना एका मापात कसं घालता?

रिकाम्या पदांचा मुद्दा मान्य. पण पट्टी नाही म्हणून ती पदं आजवर भरली गेली का?

चावडीवरचा
सरपंचाच्या भाच्याची सोय झाली म्हणायची. 😄

पोटापाण्याला परदेशात
मी अमेरिकेत ओरेगॉन राज्यात राहतो. इथल्या जोसेफीन काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) गोष्ट दोन्ही बाजूंना झोंबेल. तिथे बहुतेक जंगल केंद्र सरकारच्या मालकीचं. त्यावर स्थानिक कर लागत नाही, म्हणून लाकडाच्या उत्पन्नाच्या बदल्यात केंद्राकडून पैसा यायचा आणि शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, खातं त्यावर चालायचं. स्थानिक मालमत्ता कर राज्यातल्या सर्वांत कमी करांपैकी एक. 2012 साली तो पैसा आटला. शेरीफसाठी जादा कर लावायचा का म्हणून मतदान घेतलं, लोक म्हणाले नाही. बहुतेक डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचे पोलीस) घरी गेले, तुरुंगातून कैदी सोडावे लागले. शेरीफनेच पत्रक काढलं, की ज्यांना कोर्टाने कुणापासून संरक्षण दिलंय त्यांनी पोलीस असलेल्या ठिकाणी राहायला जाण्याचा विचार करावा.

त्याच ऑगस्टमध्ये एका बाईने 911 ला फोन केला, जुना जोडीदार दार फोडतोय म्हणून. पाठवायला माणूस नव्हता. फोनवरची बाई तिच्याशी बोलत राहिली, 'त्याला जायला सांगून बघा' म्हणाली. तो आत शिरला आणि तिच्यावर अत्याचार झाला. हे देशभर छापून आलं, तरी पुढेही कराचे प्रस्ताव पडतच राहिले. तुरुंगासाठीची पट्टी मंजूर झाली ती मे 2017 मध्ये.

काळी कसदार, 'वरचा पैसा आमचा हक्क आहे' म्हणत बसलेल्यांचं हे असं झालं. आणि बांधावरून, लोक कर मान्य करतील हे तुम्ही गृहीत धरताय. घरात अजून चोर शिरलेला नाही असा माणूस पैसे देत नाही.

काळी कसदार
तिथे शेरीफचं खातं काउंटीचंच होतं. आपल्याकडे पोलीस राज्याचे. तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला एवढंच दिसतं, की राखण स्थानिक करावर टाकू नये. तिकडची चूक इकडे आणायची कशाला?

पालावरून (मंगळवेढा)
इतका वेळ नुसतं वाचत होतो. घरटी किती, कुणाकडून, कायद्यात बसतं का, सगळं झालं. रात्री दोनला तो राखणदार अडवणार कुणाला, हे कुणी विचारलं नाही. मी सांगतो. आम्हाला, पालं ठोकून राहणाऱ्या भटक्यांना.

1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. बाजारचा दिवस होता. भिक्षेला गेलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावाने ठेचून मारलं. बहुतेक आमच्या मंगळवेढा भागातले. मारलं कुठे? ग्रामपंचायतीच्या खोलीत. ज्या ग्रामपंचायतीच्या हातात तुम्ही राखणीचा पैसा देताय, तसल्याच एका कार्यालयात.

2024 च्या पावसाळ्यात ड्रोनची आवई उठली तेव्हा मराठवाड्यात, पुणे जिल्ह्यात गावोगाव काठ्या घेऊन पोरं रात्रभर फिरत होती. त्या दिवसांत पालावरच्या माणसाने अंधारात परसाकडेला जायचं धाडस केलं नाही. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी आमच्यातल्या कित्येक जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, 1952 ला तो कागदावरून पुसला. बांधावरून कोण पुसणार?

अजून एक. आधी गावाची राखण रामोशी, बेरड, महार करत. चोरी झाली तर माग काढायचा, नाही निघाला तर भरून द्यायची. मोबदला काय, खळ्यावरचं चार पायल्या धान्य आणि वर गावाचा संशय. गावाच्या पैशावर जगणारा राखणदार गावातल्या मोठ्या घरांकडे बोट दाखवत नाही, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या बघितलंय. डाळिंबाची गाडी भरून नेणारा चोर एसटीने येत नाही, दादा. त्याच्याकडे पिकअप असते.

बांधावरून
दादा, तुमच्या मुद्द्यावर उडवाउडवीचं उत्तर देणार नाही. पण आज काय चाललंय? गणवेशातला माणूसच नाही म्हणून काठ्या घेतलेली पोरं फिरतायत. त्यांच्यावर ना कुणाचा हुकूम, ना कुठे नोंद. अफवेच्या रात्री जमाव आणि पाल यांच्यामध्ये उभा राहायला ठाण्याला जबाब देणारा एक तरी माणूस नको का? म्हणूनच मी गावची पोरं नेमा म्हटलं नाही, होमगार्ड म्हटलं. तोही आपल्या गावात ड्युटी नको, दुसऱ्या गावचा हवा.

पालावरून (मंगळवेढा)
तो उभा राहील? दोघं, शंभर जणांसमोर, ज्यांच्या पट्टीतून त्याचा भत्ता निघतो त्यांच्यासमोर?

कलम आणि पोटकलम
यावर जुना दाखला आहे. बंगालमध्ये 1870 च्या कायद्याने गावपंचायतीने कर गोळा करून चौकीदाराला पगार द्यायचा असं ठरलं. पंचायत नेमणार जिल्हा मॅजिस्ट्रेट, पैसा लोकांचा. परिणाम असा की चौकीदार दोन दगडांवर पाय ठेवून राहिला. पुढे 1919 च्या कायद्याने आलेल्या युनियन बोर्डांनी (काही गावं मिळून केलेल्या स्थानिक मंडळांनी) हा बोजा वाढवला, तेव्हा मेदिनीपूरमध्ये बीरेंद्रनाथ सासमल यांच्यामागे लोकांनी कर द्यायचंच बंद केलं आणि 1921 संपता संपता सरकारला तिथली बोर्डं गुंडाळावी लागली. 1930 ला बिहारमध्येही चौकीदारी कराला नकार हाच सत्याग्रहाचा भाग झाला. पैसा गावाचा आणि हुकूम वरचा, ही रचना लोक फार दिवस खपवून घेत नाहीत. मी वर पाठिंबा दिला होता तो कायद्यापुरता. हे व्यवहारापुरतं.

चावडीवरचा
एमआयडीसीतल्या कंपन्यांचा कर ज्यांना मिळतो त्या चाकण-रांजणगावाकडच्या ग्रामपंचायती चार गार्ड आणि गाडी ठेवतील. माणदेशातल्या वाडीला काय, एक शिट्टी?

शिक्क्याचा माणूस
मी पोलीस पाटील आहे, म्हणून बोलायचा थोडा अधिकार. 1962 च्या कायद्याने वतनी पाटीलकी गेली, 1967 च्या कायद्याने आमचं हे पद आलं. राज्यात मंजूर पदं 38 हजारांच्या वर, कित्येक रिकामी. मानधन 2024 ला 6,500 वरून 15,000 झालं, बरं वाटलं. पण हातात काय? काठी नाही, गाडी नाही. मयत, भांडण, मिरवणूक, अनोळखी माणूस, सगळं ठाण्याला कळवायचं, पंचनाम्याला पंच गोळा करायचे. रात्री बाराला गावातला पहिला फोन मलाच येतो.

नवी पट्टी काढण्याआधी जे आहे ते तरी चालवा. ग्रामरक्षक दलं कागदावर आहेत, त्यातली निम्मी पोरं पुण्याला कामाला गेली. आमच्याकडे सगळ्या गावाला एकदम फोन जाणारी यंत्रणा बसवली, तिने दोनदा मोटरचोर पळाले. सापडले नाहीत, पण मोटरी राहिल्या.

पैसे द्यायला माझा विरोध नाही. गणपतीच्या वर्गणीला घरटी पाचशे देतात, इथं 158 ला काय होतंय. पण बांधावरून साहेब, दहा गावं, वाड्या-वस्त्या धरून, आणि दोन माणसं. रात्र आठ तासांची धरली तरी एका गावाला पाऊण तास येतो, त्यातला अर्धा रस्त्यात. ती दोघं फिरणार कशावर? तुमच्या 158 मध्ये पेट्रोल कुठं धरलंय?