आत्महत्यांचा नकाशा समाजाचा आहे, की नोंदवह्यांचा?

काळी माती (यवतमाळ):
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, म्हणजे लाख लोकसंख्येमागे 12.4. मात्र त्या साली सिक्कीममध्ये हा दर 43.1 होता, केरळात 28.5, आणि बिहारमध्ये लाखामागे एकसुद्धा नाही. शेती क्षेत्रातील, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, 11,290 मृत्यूंपैकी 4,248 एकट्या महाराष्ट्रातले आहेत.

याचे कारण गरिबी, असे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही. गडचिरोली आमच्याहून गरीब आहे, कोकणातल्या शेतांचे तर तुकडे तुकडे झालेले आहेत, तरी शेतकरी आत्महत्यांची चर्चा होते ती यवतमाळ, अमरावतीची. गडचिरोलीचा धान निदान घरात खायला राहतो आणि कोकणात मुंबईचा पगार येतो. आमच्याकडे कोरडवाहू कापूस आहे. बियाणे, खत, फवारणी सगळे उधारीवर, आणि मृगानंतर पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी, म्हणजे त्याच शेतावर दुसरे कर्ज. वर्षभराचा पैसा एकाच पिकातून आणि व्यापारी देईल त्या भावाने येतो. 2006 साली केंद्राने पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांसह वर्ध्यासाठी खास पॅकेज दिले, तेव्हा हा प्रश्न विशिष्ट भूभागाचा आहे हे सरकारनेही मान्यच केले होते. प्रत्येक मृत्यूमागे कारणे अनेक असतात हे मी नाकारत नाही, पण ती एकाच पट्ट्यात का साचतात, हे विचारले पाहिजे.

दप्तरी:
आपल्या पट्ट्याचे दुःख खरे आहे, पण ज्या आकड्यांवर आपण उभे आहात ते पोलिसांच्या नोंदीतून आलेले आहेत. बारा कोटींहून अधिक लोकवस्तीच्या बिहारमध्ये वर्षभरात अवघ्या सातशेच्या आसपास आत्महत्या होतात, यावर कोणाचा विश्वास बसेल? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली आलेल्या अभ्यासाने 2010 मधल्या आत्महत्यांचा अंदाज सुमारे 1,87,000 दिला होता, तर पोलिसांकडील संख्या सुमारे 1,34,600 होती. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली आणि दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिले नाही. पण घरात पोलीस येतील, मुलीचे लग्न अडेल, या धास्तीने कुटुंबे मृत्यू आजारपणाच्या नावावर टाकत आली आहेत. केरळचा आकडा मोठा दिसतो तो निदान काही अंशी तिथे मृत्यू नीट नोंदले जातात म्हणून. अशा नकाशावरून सामाजिक कारणे काढणे घाईचे होईल.

काळी माती (यवतमाळ):
आपण दिलेलाच अभ्यास आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जातो. त्यातले आकडे पोलीस ठाण्यातून आलेले नव्हते. सर्वेक्षकांनी घरोघरी जाऊन नातेवाइकांना मृत्यूची हकिगत विचारली होती. त्या पद्धतीनेही दक्षिणेकडच्या राज्यांतील दर उत्तरेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. नोंदीतली गळती मला मान्य आहे, पण सगळा फरक तिच्यावर ढकलता येणार नाही.

माहेरवाशीण:
मला दोघांचेही अर्धेच पटते, कारण नोंदवही नुसती गळत नाही, ती माणसाची ओळखही बदलते. 2022 मध्ये ‘शेतकरी’ या रकान्यात 5,207 नावे आहेत आणि त्यांत बाया फक्त 208. त्याच अहवालात 25,309 ‘गृहिणी’ आहेत. निंदणी, वेचणी करणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई मेल्यावर गृहिणी होते आणि तिचे कारण ‘कौटुंबिक’ ठरते.

माझ्या चुलत काकांच्या मृत्यूनंतर सरकारी मदतीच्या फाइलसाठी मी काकूंबरोबर तालुक्याला खेटे घातले. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्याचा दाखला, बँकेचे थकबाकी पत्र अशी ती फाइल होती. काका मक्त्याच्या, म्हणजे भाड्याने कसायला घेतलेल्या, जमिनीवर राबत होते आणि कर्ज गावातल्या विनापरवाना सावकाराचे होते, त्यामुळे थकबाकी पत्राच्या जागी आमच्याकडे काहीच नव्हते. फाइलवर ‘अपात्र’ असा शेरा आला. काकूंनी तो शब्द मला दोनदा वाचायला लावला आणि विचारले, “म्हणजे ते शेतकरी नव्हते?” त्या दिवसापासून ‘पात्र आत्महत्या’ हा सरकारी शब्दप्रयोग कानावर आला की मला बसवत नाही.

निशिगंध (मानसोपचाराशी संबंधित):
आपले वाचून थांबावेसे वाटले, तरी एक विरोधी मुद्दा मांडते. कारण पिकात आणि भावात आहे असे सतत म्हणत राहिलो, तर भाव मिळेपर्यंत काहीच करता येणार नाही असा त्याचा अर्थ होतो. श्रीलंकेत 1995 च्या सुमारास आत्महत्यांचा दर जगातल्या सर्वाधिक दरांपैकी होता. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर पुढच्या वीस वर्षांत तो सुमारे 70 टक्क्यांनी उतरला, आणि तिथली गरिबी किंवा यादवी त्यासाठी आधी संपावी लागली नव्हती. आपल्या अमरावती जिल्ह्यातही तीस गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत नैराश्य ओळखून उपचारांपर्यंत पोचवण्याचा उपक्रम झाला, तेव्हा उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते.

काळी माती (यवतमाळ):
त्या तीस गावांचे काम मोलाचे आहे, ते सर्व गावांत गेले पाहिजे. परंतु उपचार घेऊन परतलेल्या माणसाच्या दारात सावकार उभा असेल, तर पुढल्या हंगामात आपण त्याला पुन्हा गोळीच देणार का?

निशिगंध:
गोळीही देऊ आणि सहकारी बँकेकडे त्याच्याबरोबर जाऊही. त्या उपक्रमातली माणसे गावचीच होती, त्यांना कर्ज कोणाचे आहे ते आधीपासून ठाऊक असते.

माहेरवाशीण:
मग त्या माणसांनी मक्त्याने शेती करणाऱ्यांची आणि बायांची यादीसुद्धा करावी. आमच्या काकू अजून तीच तीन एकर मक्त्याने करतात.