गॅरेजमध्ये सोडलेली गाडी पुरात गेली, तर भरपाई कोणी द्यायची?

गावभागकर

जुलै २०२१ च्या पुरात माझी मोटार सांगलीच्या सखल भागातील एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलण्यासाठी सोडलेली होती. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, तेव्हा गॅरेजमालकांनी आपला कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि स्वतःची गाडी विश्रामबागेच्या बाजूला हलवली; गिऱ्हाइकांच्या गाड्या मात्र जागेवरच राहिल्या. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर डॅशबोर्डवर गाळाची सरळ रेघ उमटली होती आणि सीटखालची मॅट उचलताच पाणी बाहेर येत होते. त्यावर कडी म्हणजे क्लचच्या बिलात गाळ काढण्याची मजुरीही लावली होती, आणि ती दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही असे मला सांगण्यात आले. जॉबकार्डाच्या तळाशी लाल अक्षरांत छापलेले ‘पूर, आग, चोरी यांमुळे होणाऱ्या नुकसानीस गॅरेज जबाबदार नाही’ हे वाक्य मालकांनी बोट ठेवून दाखवले.

माझे म्हणणे असे की, किल्ली घेतली त्या क्षणापासून गाडी सांभाळण्याची जबाबदारीही घेतली गेली, आणि छापील ओळीने ती झटकता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेले ज्या शहराने पाहिले आहे, तेथे दोनच वर्षांनी ‘पूर येईल असे वाटले नव्हते’ हे कोणी कसे म्हणू शकतो? याविषयी इतरांची मते, विशेषतः गॅरेज चालवणाऱ्यांची, वाचायला आवडतील.

कुपवाडचा मिस्त्री

गॅरेज चालवणाऱ्यांचे मत मागितले आहे, म्हणून लिहितो. क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढावे लागतात. अशी गाडी जॅकवर असते. ती ढकलूनही नीट नेता येत नाही, उचलून न्यावी लागते. मालकाची स्वतःची गाडी चालू स्थितीत होती, म्हणून ती दहा मिनिटांत निघाली. यात पक्षपात कसला? पाणी चढू लागले की शहरातल्या सगळ्या क्रेन आणि टोइंगच्या गाड्या आधीच कोणीतरी सांगून ठेवलेल्या असतात, त्यांचे भाडे त्या दिवशी वाटेल ते असते, आणि हेल्पर पोरांची स्वतःची घरेही पाण्यात जात असतात. तो आपल्या आईला बाहेर काढील की तुमची गाडी?

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. क्लचच्या कामाची मजुरी दोन-अडीच हजार रुपये मिळते, आणि त्या पैशात आम्ही सात-आठ लाखांच्या गाडीचे विमेकरी व्हावे, अशी अपेक्षा दिसते. तसे असेल तर मजुरीचा दरही तसाच धरावा लागेल, आणि मग हेच गिऱ्हाईक ‘मिस्त्री लुटतो’ म्हणून ओरडेल.

वकील, मिरज

दोन्ही बाजूंनी जे लिहिले आहे, त्यातला काही भाग कायद्याने १८७२ मध्येच सोडवून ठेवला आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे एखादी वस्तू विशिष्ट कामासाठी, काम झाल्यावर परत करण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात दिली, की ताबा घेणाऱ्यावर काही कर्तव्ये येतात. कलम १५१ सांगते की, साधारण सुज्ञ माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ताबा घेणाऱ्याने घेतली पाहिजे. तेवढी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास कलम १५२ त्याला जबाबदार धरत नाही. म्हणजे मिस्त्री विमेकरी ठरत नाहीत. आणि मजुरी दोन हजार असली तरी काळजीचे माप मजुरीवरून ठरत नाही. मात्र काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार ताबा घेणाऱ्यावर असतो, कारण गाडीचे काय झाले हे त्यालाच ठाऊक असते.

छापील ओळीबद्दलही न्यायालयाचे म्हणणे स्पष्ट आहे. दिल्लीतील ताज महाल हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून (तेथे किल्ली हॉटेलच्या नोकराकडे देतात आणि तोच गाडी लावतो) १९९८ मध्ये एक मारुती झेन चोरीला गेली होती. पार्किंगच्या पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ अशा अर्थाची अट छापलेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवले की, हॉटेलला स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा अटीने टाळता येणार नाही. हा निकाल हॉटेलचा असला, तरी किल्ली घेऊन गाडी ताब्यात ठेवण्याचे सूत्र गॅरेजला अधिकच लागू पडते, असे माझे मत आहे. तेव्हा लाल ओळीचा उपयोग खऱ्या अर्थाने टाळता न येणाऱ्या आपत्तीपुरता राहतो.

म्हणून गावभागकरांच्या हकिगतीतील सर्वांत वजनदार मुद्दा २०१९ च्या पुराचा नाही, तर हलवलेल्या कॉम्प्रेसरचा आहे. स्वतःच्या वस्तूसाठी धोका ओळखला गेला होता, याचा तो पुरावाच आहे.

कर्नाळकर

वकीलसाहेब, कॉम्प्रेसर हातगाडीवर जातो. जॅकवरची गाडी जात नाही. हा फरक ‘तशाच वस्तूची’ या शब्दांत बसतो की नाही?

वकील, मिरज

बसतो, आणि प्रश्न योग्य आहे. जॅकवरच्या गाडीबाबत मिस्त्रींनी काय करायला हवे होते, हे वेगळे तपासावे लागेल: मालकाला वेळेवर फोन केला होता का, बॅटरी सोडवली होती का, उतरवलेला गिअरबॉक्स निदान पोटमाळ्यावर ठेवला होता का. पण त्याच आवारात चालू स्थितीतल्या, नुसत्या सर्व्हिसिंगला आलेल्या गाड्याही उभ्या होत्या आणि त्याही हलवल्या नसतील, तर त्यांच्याबाबत हा बचाव टिकणार नाही.

विमा सर्व्हेअर

मी या शहरात पुरानंतरच्या गाड्या तपासत आलो आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असलेल्या पॉलिसीत, पुराचे नुकसान धरलेले असते. केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असलेल्याला मात्र त्यातून काही मिळत नाही. क्लेम मंजूर झाला तरी रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि पाणी शिरलेल्या गाडीत खर्च नेमका याच गोष्टींचा असतो. सर्वांत मोठा घोटाळा इंजिनाचा होतो. पाणी ओसरताच ‘बघू चालू होते का’ म्हणून कोणीतरी स्टार्टर मारतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमा कंपनी म्हणते की हे पुराचे नव्हे, नंतर केलेल्या कृतीचे नुकसान आहे. इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर नसेल, तर तो खर्च अंगावर पडतो. गॅरेजमधल्या हेल्परने असा स्टार्टर मारला, तर ती जबाबदारी गॅरेजचीच, याबद्दल मला तरी शंका नाही. तेथे पुराकडे बोट दाखवता येणार नाही.

गॅरेजवाल्यांसाठीही मोटर ट्रेडची अंतर्गत जोखमीची पॉलिसी असते, जिच्यात आवारातील गिऱ्हाइकांच्या गाड्या धरता येतात. कंपन्यांची मोठी सर्व्हिस सेंटर ती घेतात. छोट्या गॅरेजमध्ये मी ती क्वचितच पाहिली आहे.

कुपवाडचा मिस्त्री

सर्व्हेअरसाहेबांचे स्टार्टरबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यात मिस्त्रीचाच दोष. पॉलिसीचेही मान्य करतो, पण चार गाड्यांच्या शेडला ती परवडते का, हे कोणी विचारत नाही.

मात्र एका गोष्टीवर सगळे गप्प आहेत. काम पूर्ण करून, फोन करूनही गिऱ्हाईक गाडी न्यायला येत नाही. ‘पगार झाला की नेतो’, ‘गावाकडून आलो की नेतो’ असे म्हणत महिना काढतात. एकाने तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत गाडी माझ्या दारात ठेवली, जागेचे भाडे मागितले तर ‘ओळखीत काय पैसे घेता’ म्हणाला, आणि नेताना बंपरवरचा चरा माझ्या माथी मारला. सरकारी गोदामाला भाडे लागते, मिस्त्रीच्या शेडला का नाही?

वकील, मिरज

मुदत उलटूनही गाडी न नेणाऱ्याची बाजू कमकुवत होते, यात वाद नाही. काम झाल्याची सूचना आणि त्या दिवसानंतरचे जागाभाडे जॉबकार्डावर आधीच लिहून, गिऱ्हाइकाची सही घेऊन ठेवली, तर ते मागता येईल. ओळखीत तोंडी ठरलेले सिद्ध करणे अवघड जाते. उलट बाजूही लक्षात ठेवावी: गाडी कबूल केलेल्या दिवशी मिस्त्रींच्या चुकीने दिली गेली नाही, तर कलम १६१ प्रमाणे त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी त्यांच्यावर येते. सांगलीत जुलैत ‘उद्या देतो’ म्हणत आठवडा काढणे म्हणूनच महागात पडू शकते.

राहिला गावभागकरांच्या गाळ काढण्याच्या मजुरीचा प्रश्न. कलम १७० प्रमाणे ज्या कामासाठी गाडी दिली, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. गाळ काढण्याचे काम मालकाने सांगितलेलेच नसेल, तर त्यासाठी गाडी अडवणे चुकीचे आहे. अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर त्यासाठी शुल्कही लागत नाही.

कुपवाडचा मिस्त्री

मग गावभागकर, तुम्ही शेवटी काय केलेत? आयोगात गेलात की पैसे भरलेत?

गावभागकर

आयोगात गेलो नाही. क्लचचे पूर्ण बिल दिले, कारण ते काम पाणी येण्यापूर्वी निम्मे झाले होते आणि नंतर त्यांनी ते नीट पूर्ण केले. गाळ काढण्याचे पैसे देणार नाही, असे बिलाच्या मागे लिहून सही केली, आणि दोन दिवसांच्या घासाघिशीनंतर त्यांनी गाडी सोडली. जॅकवरच्या गाडीबद्दलचा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. माझी गाडी तशीच होती, आणि तिच्यासाठी क्रेन आणली नाही म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. पण शेजारी उभी असलेली, फक्त ऑइल बदलायला आलेली एका शिक्षकांची गाडी किल्लीसह त्यांच्याजवळ होती, आणि तीही बुडाली. त्या गाडीबद्दल तुमच्याकडे काय उत्तर आहे?

कुपवाडचा मिस्त्री

काही नाही. ती हलवायलाच हवी होती.