एका सिरीजमुळे अख्खा साय-फाय टीव्ही बदलतो असं खरंच होतं का?

डाएटवरचा_बोका
मंडळी, सध्या स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन बघायला घेतलंय, ते १९८७ वालं, अंतराळजहाजाच्या टकल्या कॅप्टन पिकार्डचं. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की या सिरीजने साय-फाय टीव्ही पार बदलून टाकला. मी आपला पहिल्या सीझनमध्ये अडकलोय आणि खरं सांगू का, डायलॉग म्हणजे नागरिकशास्त्राचा तास चाललाय असं वाटतं. माझ्या मते एक सिरीज हिट झाली की फक्त नकला निघतात, बाकी काही बदलत नाही. २००४ ला लॉस्ट चालली, लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या तीन मोठ्या नेटवर्कनी (देशभर कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्ही कंपन्यांनी) इन्व्हेजन, थ्रेशोल्ड आणि सरफेस आणल्या, तिन्ही एकेका सीझनमध्ये गाशा गुंडाळून घरी. मग या टकलूने वेगळं काय केलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्लॉट_नंबर_नऊ
बोकोबा, गोष्टी बाजूला ठेवा, पैसे कसे फिरले ते बघा. जाहिरातींचे स्लॉट घेण्या-विकण्यात उमेदवारी केलीये म्हणून मला यात जास्त रस.

मूळची जुनी स्टार ट्रेक सिरीज एनबीसी नेटवर्कने १९६९ ला तीन सीझनमध्ये बंद केली होती, पण तिचे ७९ भाग गावोगावच्या लोकल स्टेशनांवर पुन्हा पुन्हा लागत राहिले आणि खरा पंखा-वर्ग तिथे तयार झाला. नवीन काढायचं ठरलं तेव्हा नेटवर्कवाले कोणी नुसता पायलट (नमुन्याचा पहिला भाग) मागतंय, कोणी १३ भाग घेतो म्हणतंय, पूर्ण सीझनची हमी कोणीच देईना. मग सिरीज काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओने नेटवर्कना फाट्यावर मारलं आणि थेट स्टेशनांकडे गेले. भाग फुकट घ्या, १२ मिनिटांच्या जाहिरातींपैकी ७ मिनिटं आम्ही विकणार, ५ तुम्ही विका. झालं! सिरीज ७ सीझन, १७८ भाग चालली, आणि शेवटच्या वर्षी एमी या टीव्ही पुरस्कारांच्या उत्कृष्ट ड्रामाच्या नामांकनात पोचली, नेटवर्कबाहेरच्या सिरीजला हा मान आधी कधीच मिळाला नव्हता.

बदल झाला तो इथे. नेटवर्कच्या साहेबाला न विचारता महागडी साय-फाय काढता येते हे सगळ्यांना दिसलं आणि मग त्याच वाटेने १९९२ ला हायलँडर, ९३ ला डीप स्पेस नाइन (हीही स्टार ट्रेकच), बॅबिलॉन ५ चा पायलट, ९५ ला हर्क्युलीस आणि झेना. ९५ च्या जानेवारीत यूपीएन आणि डब्ल्यूबी ही नवीन नेटवर्क याच स्टेशनांवर आल्यावर स्टेशनांचे मोकळे स्लॉट आटायला लागले, आणि गंमत म्हणजे यूपीएनचा नारळ पॅरामाउंटने फोडला तो स्टार ट्रेक व्हॉयेजरनेच.

अवांतर: दूरदर्शनच्या स्पॉन्सर्ड सिरियल याच्या जवळपासच्याच. टेलिकास्ट फी भरायची, बदल्यात फ्री कमर्शियल टाइम मिळायचा, तो विकून खर्च काढायचा. आमच्या धंद्यात अजून एफसीटी म्हणतात.

अर्धवट_स्क्रिप्ट
वरच्यांना +१, पण माणसं विसरलात. तिसऱ्या सीझनला, म्हणजे १९८९ मध्ये, मायकल पिलर लेखकांचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी बाहेरच्या कोणाचीही स्क्रिप्ट वाचायला सुरुवात केली, एजंट नसला तरी चालेल. हॉलिवूडमध्ये ही फारच मोठी गोष्ट. रोनाल्ड मूर असाच एक स्क्रिप्ट देऊन आत आला, पुढे डीप स्पेस नाइनवर लिहिलं आणि २००३ ला नवीन बॅटलस्टार गॅलॅक्टिका ही साय-फाय सिरीज उभी केली. लेखक ब्रायन फुलरची सुरुवातही याच घराण्यात.

आणि प्रभाव म्हणजे काही नुसती गुरुभक्ती नसते. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबरींचा नियम होता की भविष्यातली माणसं आपसात भांडत नाहीत, त्यामुळे लेखक वैतागलेले असायचे कारण भांडण नाही तर सीन कशावर लिहायचा. गॅलॅक्टिकाच्या जहाजावर बघा, कोणाचं कोणाशी पटत नाही, दारू, संशय, मारामाऱ्या सगळं आहे. वर्षानुवर्षं तोंड दाबून बसलेल्या लेखकाचा सूड आहे तो, असं माझं प्रामाणिक मत.

पावसाळी_एक्स
असहमत. आज तुम्ही जे बघता त्याचा बाप एक्स-फाइल्स, १९९३. नेक्स्ट जनरेशनमध्ये भाग संपला की सगळं पुसून पाटी कोरी, आणि त्याचं कारण स्लॉटरावांनीच दिलंय, स्टेशनं रिपीट वाट्टेल त्या क्रमाने लावणार म्हटल्यावर लांबलचक कथा कोण लिहील? एक्स-फाइल्सने दर आठवड्याला नवा राक्षस दिला आणि मागे परग्रहवासीयांचं कारस्थान वर्षानुवर्षं शिजवत ठेवलं. शिवाय जहाज नको, विचित्र कपडे नकोत, दोन सरकारी नोकर आणि दोन टॉर्च. लेखकांचंच म्हणाल तर ब्रेकिंग बॅडवाला विन्स गिलिगन इथलाच. एक्स-फाइल्सचे पहिले पाच सीझन कॅनडात व्हँकूव्हरला शूट झाले, पुढे स्टारगेट ही साय-फाय सिरीजही १९९७ ला तिकडेच.

अर्धवट_स्क्रिप्ट
@पावसाळी_एक्स, सलग कथेचं श्रेय द्यायचंच तर बॅबिलॉन ५ ला द्या की! पाच वर्षांची गोष्ट आधीच आखलेली आणि ११० पैकी ९२ भाग तिच्या निर्मात्याने, एकट्या स्ट्रॅझिन्स्कींनी लिहिलेले. एक्स-फाइल्सचं कारस्थान शेवटी शेवटी लिहिणाऱ्यांना तरी कळत होतं का शंका आहे.

नानांचा_अँटेना
मला कॅप्टन व्योम आठवतंय, १९९८, दूरदर्शन, केतन मेहतांचं, मिलिंद सोमण स्पेस-सूटमध्ये! आमच्या अख्ख्या गल्लीतली पोरं व्योम होऊन फिरायची. पण त्यातून पुढे काय निघालं? काहीच नाही. म्हणजे हिट होणं पुरत नाही असं दिसतंय. पॅरामाउंटने तेच लेखक, तेच सेटवाले, तेच मॉडेलवाले पुढच्या सिरीजवर लावले, आपल्याकडे एक सिरियल संपली की मंडळी पांगतात, परत पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा सासू-सून स्वस्त पडते.

डाएटवरचा_बोका
बाबौ, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे नक्कल झाली ती विकण्याच्या पद्धतीची, हे पटलं. पण पहिला सीझन खरंच बघवत नाहीये हो, सोडून दिला तर चालेल का? कुठून सुरू करू?

अर्धवट_स्क्रिप्ट
तिसऱ्यापासून बिनधास्त सुरू करा. फक्त दुसऱ्या सीझनचा नववा भाग आधी बघा, डेटा हा यंत्रमानव माणूस की मालमत्ता असा खटला आहे त्यात, आणि तो लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करायची, तिनेही स्क्रिप्ट बाहेरूनच पाठवली होती, तीही पिलर यायच्या आधी. त्याच सीझनचा शेवटचा भाग मात्र चुकूनही लावू नका, जुन्या भागांचे तुकडे जोडून वेळ मारून नेलीये.