पुतण्या लय चिडचिड करून रायला, काय करावं?

वर्धेकडचा काका:
माह्या मोठ्या भावाचा पोरगा नववीत आहे, आधी शांत होता पण यावर्षी जरा काही म्हटलं का ताट सारून उठते, रात्री उशिरापर्यंत गेम खेळते अन् सकाळी शाळेची एसटी चुकवते. परवा भावानं मोबाईल हिसकला तं दाराले लाथ मारली अन् धुऱ्यावर जाऊन बसला, अंधार पडला तरी घरी आला नाही. भाऊ म्हणते दोन ठेवून दिल्या का सुधरते. मले ते पटत नाही. वहिनी वेचणीत, भाऊ रात्री ओलिताले, पोराशी बोलाले घरी कोणीच नसते.

झेडपीच्या मॅडम:
दादा, मारू देऊ नका. या वयात भावना जोरात असतात, पण कपाळामागचा मेंदूचा जो भाग थांबून विचार करायला लावतो तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, त्यात झोप नाही म्हणजे राग आवरणं आणखीच अवघड. २०१३ साली अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठाचा एक प्रयोग छापून आला होता. मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं, काहींना दिले, काहींना नाहीच. मग समोर मिठाई ठेवली, थांबलास तर अजून एक मिळेल. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३. ती मुलं फार लहान होती, ३ ते ५ वर्षांची, पण मला माझ्या वर्गातही तेच दिसतं. घरी त्याला दिलेला एखादा शब्द राहिलाय का?

वर्धेकडचा काका:
राहिला ना मॅडम. कापूस विकला का सायकल घेऊन देतो म्हटलं होतं भावानं, पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेले. पोराले कोणी काही सांगतलंच नाही, नुसतं पुढच्या वर्षी पाहू.

पांढरकवड्याचा पोट्टा:
मंग तेच सांगा न काका त्याले, उधारीची चिठ्ठी दाखवा, समजते पोट्ट्याले. माहे आबाजी मले रोज सांजच्याले बैलाले कुटार टाकाले संग नेत, काही विचारत नोते, मीच बोलाले लागो. अन् एकट्याचाच मोबाईल हिसकू नका, रात्री सगळ्याईचेच फोन एका जागी चार्जिंगले लावा, तुमचाबी.

सिस्टर ताई:
तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक आहे का विचारा, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी असतं, पैसे लागत नाहीत. मित्र तुटले, जेवण सुटलं, किंवा मी नसलो तर बरं असं काही बोलला तर वाट पाहू नका, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. आणि फवारणीचं औषध घरात उघड्यावर असेल तर आजच कुलपात टाका, हे मी प्रत्येक घरी सांगते.

वर्धेकडचा काका:
औषधाचे डबे कोठ्यात टाकून कुलूप लावलं ताई. भावाशी आज ओलितावरच बोलतो. दवाखान्यात बाप संग पाहिजे का?

सिस्टर ताई:
येऊ द्या ना, पण समुपदेशक पोराशी एकट्याशी बोलतील तेव्हा बाहेर बसायचं, आणि घरी आल्यावर काय बोलला म्हणून खोदून विचारायचं नाही.