उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये उंदीर, लवकर मदत हवी आहे

विंचवाचं_बिऱ्हाड:
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की उंदीर शिरतातच. डांबरगोळ्या झाल्या, पुदिन्याच्या तेलाचे बोळे झाले, ते ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्रही झालं. काल पलंगाची फळी उचलली तर गादीचा एक कोपरा गायब. त्या स्पंजचा भुगा करून गोल घरटं रचलेलं, मधोमध टिश्यू पेपरच्या चिंध्या. बोट लावलं तर चक्क उबदार! मालक नुकतेच उठून गेले होते. शनिवारी गाडी पुन्हा ४ महिने उभी करायची आहे. खात्रीचा उपाय सांगा. मांजर पाळा हे सोडून.

खरं_सांगू_का:
वायरींना तिखटाचं पाणी मारा. होंडा कंपनी तर वायरींना गुंडाळायला कॅप्सेसिन लावलेली टेपच विकते. तिखटाला जे तिखट करतं तेच ते. बॉनेट रात्री उघडं ठेवायचं म्हणजे अंधार-ऊब मिळत नाही. इंजिनाजवळ...

विंचवाचं_बिऱ्हाड:
गाडीला इंजिनच नाहीये.

खरं_सांगू_का:
इंजिन नसलेली गाडी?

विंचवाचं_बिऱ्हाड:
अहो, मागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन आहे. शीर्षक वाचा ना. उपाय सांगा.

मनीमाऊ:
मांजर पाळा. (वाचलंय. तरी सांगते.)

पानापक्कड:
उपाय सांगायला आधी माहिती द्या हो. उघड्यावर उभी असते की शेडमध्ये? खाली माती की फरशी? बाजूला गवत, लाकडं, अडगळ? वीज जोडून ठेवता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंदीर आत्ता आत आहेत की गेले? आत असतील आणि तुम्ही भोकं बुजवलीत, तर त्यांना ४ महिन्यांसाठी खोली भाड्याने दिल्यासारखं होईल.

ओवी:
लेंड्या केवढ्या आहेत? तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर छोटा घरउंदीर. मोठ्या, जाड असतील तर घूस किंवा मोठा उंदीर, त्यांची गोष्ट वेगळी. आणि उग्र वास येत असेल तर चिचुंद्री असू शकते. ती किडे खाते, गादी कुरतडत नाही. उगाच बिचारीला मारू नका.

विंचवाचं_बिऱ्हाड:
तांदळाएवढ्या. उघड्यावर, मातीवर. आत आहेत की नाही ते मला कसं कळणार?

निवांत_काका:
इतका काथ्याकूट कशाला? ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मिळतात. चार कोपऱ्यांत चार टाका, विषय संपला. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

पानापक्कड:
काका, विषय संपत नाही, सुरू होतो. ही औषधं रक्त गोठू देत नाहीत, पण उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर तो फिरत असतो आणि मरतो तो कुठे, तर भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये. मग बंद गाडीत जो वास येतो तो घालवायला अख्खी भिंत उघडावी लागते. माझी उघडून झाली आहे.

निवांत_काका:
आमच्याकडे कधी वास आला नाही.

मनीमाऊ:
कारण तो मेलेला उंदीर शेजारच्या मांजराने किंवा घुबडाने नेऊन खाल्ला असणार. विष त्यांच्याही पोटात जातं. कुत्र्यामांजरांना वेळेत के१ जीवनसत्त्व दिलं तर वाचतात, घुबडाला कोण देणार?

निवांत_काका:
ताई, इथे उंदरांचा प्रश्न आहे, घुबडांचा नाही.

विंचवाचं_बिऱ्हाड:
कृपया इथे भांडू नका. तसं मी काल काम सुरू केलंय. गाडीखाली झोपून दिसली ती सगळी भोकं फवारायच्या फोमने भरून टाकली. पाण्याचे पाइप, वायरी, शेगडीच्या कपाटाखालचं जमिनीतलं गोल भोक, सगळं. हे टिकेल का एवढंच सांगा.

पानापक्कड:
फोम टिकणार नाही. नुसता फोम उंदीर पावासारखा कुरतडतो. आधी तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी ठासून भरायची, मग वरून फोम किंवा सीलंट. साधी तारेची घासणी वापराल तर ती गंजून भुगा होते, एका ओलाव्यात काम तमाम. आणि पेन्सिल जाईल एवढं भोक त्याला पुरतं, साधारण ६ मिलिमीटर. डोकं गेलं की बाकीचं धड जातंच. म्हणून जाळीचे डोळेही ६ मिलिमीटरपेक्षा बारीक घ्या.

निशाचर:
थांबा. शेगडीच्या कपाटाखालचं गोल भोक बुजवलंत? सिलिंडर आत आहे का गाडीच्या?

विंचवाचं_बिऱ्हाड:
हो. त्याच कपाटात. का?

निशाचर:
ते भोक उंदरांसाठी सोडलेलं नाही, गॅससाठी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीवर साचतो. म्हणून बऱ्याच कॅरॅव्हॅनमध्ये खाली मुद्दाम वाट ठेवतात, की साचलेला गॅस बाहेर पडून जावा. ती बंद करून तुम्ही कपाटाची टाकी केलीत. फोम आजच खरवडून काढा. भोकावर बारीक धातूची जाळी स्क्रूने बसवा, हवा जाईल, उंदीर नाही.

खरं_सांगू_का:
एवढं घाबरवू नका हो. गाडी उभी असताना सिलिंडर बंदच असतो.

निशाचर:
झडप सुद्धा गळते. आणि ४ महिन्यांनी ती उघडणारा माणूस भोकाची गोष्ट विसरलेला असतो.

विंचवाचं_बिऱ्हाड:
बापरे. संध्याकाळी काढतो. सिलिंडरही काढून ठेवतो. मग बाकीची भोकं शोधायची कशी? खाली सगळं काळं दिसतं.

निशाचर:
रात्री आत झगझगीत दिवा लावा, सगळे पडदे ओढा, आणि बाहेरून फिरा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा. सगळ्यात जास्त सापडतात ते नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप जमिनीतून जातात तिथे. हिटरच्या धुराड्याकडेही बघा, तिथे घरटं झालं तर धूर बाहेर पडत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो. ते मात्र बुजवायचं नाही, वापर सुरू करण्याआधी तपासायचं.

पानापक्कड:
उजेडाची युक्ती चांगली, पण वाकडीतिकडी वाट असेल तर प्रकाश येत नाही, उंदीर येतो. म्हणून हातानेही चाचपा. कपाटाच्या मागे, नळाच्या खाली.

अवांतर_आजोबा:
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, तुमचं चाकावर. बरं, गादीचा स्पंज नवीन कोणत्या जाडीचा घेणार आहात? मला पाठीचा त्रास आहे, कडक बरा की मऊ?

ओवी:
आजोबा, वेगळा धागा काढा :)
विंचूभाऊ, घरटं कसं साफ केलंत? कोरड्या झाडूने झाडलं नाही ना? लेंड्या आणि मूत वाळून धूळ झाली की ती श्वासातून आत जाते. अमेरिकेत १९९३ साली हंताव्हायरसची साथ आली ती उंदरांमुळेच, तिथे माणसं दगावली. आधी अर्धा तास दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून ५ मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. व्हॅक्यूमही फिरवू नका.

विंचवाचं_बिऱ्हाड:
...झाडलं होतं. शिंका आल्या होत्या, धूळ म्हणून सोडून दिलं.

ओवी:
उरलेलं तरी भिजवून काढा. येत्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी, दम लागणं असं काही वाटलं तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

खरं_सांगू_का:
यंत्राबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्याकडे आहे, चांगलं आहे.

निशाचर:
उंदीर काही दिवसांत त्या आवाजाला सरावतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशा यंत्रांच्या उत्पादकांना दाव्यांबद्दल ताकीद दिली होती. त्यात आवाज कपाटाच्या फळीमागेही पोहोचत नाही. तुमच्याकडे उंदीर नव्हतेच, असं असेल.

खरं_सांगू_का:
तुम्ही माझ्या घरी आला होतात का?

पानापक्कड:
विंचूभाऊ, आत आहेत की नाही हे कळायला फरशीवर पीठ किंवा टाल्कम पावडर हलकेच पसरा. पाय उमटले की आहेत. मग चापाचे सापळे लावा, भिंतीला काटकोनात, ज्या टोकाला आमिष ते भिंतीकडे. कारण उंदीर मोकळ्यात धावत नाही, भिंतीला अंग घासत जातो. आमिष चिमूटभर पुरे. खायला नको असेल तर कापसाचा बोळा बांधून बघा, घरटं बांधणारी उंदरीण त्याला फसते. चार रात्री काहीच सापडलं नाही, पाय उमटले नाहीत, तेव्हाच शेवटचं भोक बंद. एक जोडी राहून गेली तरी बाराच्या भावात. गर्भ तीन आठवड्यांचा, एका खेपेला पाच-सहा पिल्लं. चार महिन्यांचं गणित तुम्हीच करा.

विंचवाचं_बिऱ्हाड:
शनिवार परवा आहे. चार रात्री कुठून आणू?

पानापक्कड:
गाडी उभी करायचा दिवस तुमचा, उंदराचा नाही. पुढे ढकला.

(दोन दिवसांनी)

विंचवाचं_बिऱ्हाड:
गॅसचं भोक मोकळं करून जाळी लावली. निशाचर, दिव्याची कमाल झाली. सांडपाण्याच्या पाइपाभोवती अंगठा जाईल एवढी वाट होती, कारखान्यातूनच तशी. पहिल्या रात्री एक सापडला, दुसऱ्या रात्री एक. आज पावडरवर पाय नाहीत. बाकी सगळी भोकं बंद. तरी मघाशी वरच्या कपाटात खुडबुड ऐकू आली. आता हे कुठून आले?

पानापक्कड:
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. वीज जोडून ठेवता का? म्हणजे बाहेरून केबल आत येते का?

विंचवाचं_बिऱ्हाड:
हो, बॅटरी उतरू नये म्हणून. मागच्या झाकणातून आत येते.

पानापक्कड:
आणि झाकण केबल आत असताना पूर्ण मिटतं?

विंचवाचं_बिऱ्हाड:
...थांबा, बघून येतो.