डिसेंबरात हाफ, जानेवारीत मुंबईची फुल: हाफ जीव तोडून पळायची की राखून?

पांदण_रस्ता (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन (४२.२ कि.मी.) आहे, पहिलीच. त्याच्या बरोबर सहा आठवडे आधी नागपूरकडे एक हाफ (२१.१ कि.मी.) घेतली आहे. पोलीस भरतीच्या १६०० मीटरपासून पळणं सुरू आहे. सध्या आठवड्याला ४५ कि.मी. होतात, लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वात लांब धाव, १८ पर्यंत गेला आहे आणि १० कि.मी. ५४ मिनिटांत होते. वजन ६१ किलो.

विचारायचं असं की हाफ पूर्ण ताकदीनं पळायची का? तिच्या टायमिंगची दुप्पट म्हणजे फुलचं टायमिंग धरायचं का? आणि पळताना ताकदीसाठी घ्यायचं जेल आमच्या इकडे दुकानात मिळत नाही, त्याऐवजी काय चालेल? हाफनंतरच्या सहा आठवड्यांत लाँग रन कसे बसवायचे तेही सांगा.

वऱ्हाडी_बेचाळीस

भाऊ, आधी दुप्पटचं डोक्यातून काढा. ५४ मिनिटांच्या १० कि.मी. वरून हाफ साधारण २ तासांची निघते. नेहमीच्या सूत्रानं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पट, फुल ४ तास १० मिनिटं दाखवते. पण ज्याचे पाय आठवड्याला ६०-७० कि.मी. ला सरावले आहेत त्याच्यासाठी ते सूत्र खरं ठरते. ४५ वाल्यानं ४:२५ ते ४:३० धरावं. साडेचार तास म्हणजे कि.मी. ला ६:२४ (६ मिनिटं २४ सेकंद) हा पेस.

आता हाफ. माझं मत स्पष्ट आहे: टायमिंगसाठी पळू नका, फुलची तालीम म्हणून पळा. पहिले ३ कि.मी. ६:४० नं. पुढचे १३ कि.मी. ६:२० नं, म्हणजे फुलच्या पेसच्या जवळपास. शेवटचे ५ कि.मी. ताकद असेल तर ५:४५ नं. एकूण २ तास १२ मिनिटांच्या आसपास संपेल.

बघायचं ते त्या शेवटच्या पाचात. ५:४५ वर आल्यावर दोन-तीन शब्द बोलता येतात का? खांदे कानाकडे चढून राहिले का? पाय जमिनीवर थापट्यासारखे पडायला लागले का? सोळाव्या कि.मी. नंतर पेस वाढवताच येत नसेल, तर ६:२० हा तुमचा फुलचा पेस नाही. मुंबईत ६:४० नं निघा.

भरतीवाल्या पोरांची एक सवय इथं नडते. १६०० मीटरला शिट्टी वाजली की पहिला राउंड अंगावर घ्यायचा असतो. तीच सवय हाफच्या सुरुवातीला उफाळून येते, गर्दीही ओढते, आणि पहिला कि.मी. ५:१५ नं जातो. तेव्हा काहीच वाटत नाही. पण स्नायूंतला ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा जोरात पळताना फार लवकर उडतो, अन् फुलमध्ये त्याचं बिल ३० च्या पुढे येते. हाफमध्ये ही चूक २१ वर झाकून जाते, म्हणूनच ती धोक्याची.

घड्याळावर फार भरवसा नको. मार्ग सर्वात जवळच्या रेषेनं मोजलेला असतो, आपण वळणं मोठी घेतो, त्यामुळे जीपीएस २१.१ च्या जागी २१.३-२१.४ दाखवते. रस्त्यावरच्या कि.मी. च्या पाट्यांवरून पेस धरा.

काळी_माती

दादांशी थोडी असहमती. पहिल्याच फुलवाल्याकडे खरा आकडा नसतो. हाफ मन लावून पळली तर तो मिळतो, आणि सहा आठवडे भरून यायला पुरेसे आहेत. तीन आठवडे असते तर मीही राखूनच म्हटलं असतं. अट एकच: पहिले ५ कि.मी. ५:५० च्या आत नाही, आणि नंतर चार दिवस पळणं बंद, फक्त चालणं. मांड्या जिना उतरताना दुखत असतील तर पाचवा दिवसही सोडा. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेली इजा आहे, त्यावर पळून ते मोकळं होत नाही.

लाँग रन असे बसवा. हाफनंतरच्या पहिल्या रविवारी १४-१५ हलके. दुसऱ्या रविवारी २६-२८. तिसऱ्या रविवारी ३० ते ३२ किंवा साडेतीन तास, जे आधी होईल ते. चौथ्याला २०, पाचव्याला १२, सहाव्याला मुंबई. पेस ६:४५ ते ७:१५. तिसऱ्या रविवारचा हुकला तर चौथ्याला ३२ कोंबू नका. दोन आठवडे उरले असताना तो पल्ला फायदा देत नाही, थकवा मात्र मुंबईपर्यंत सोबत येतो.

अजून एक, हे फार लोक विसरतात. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे १०-१२ अंश आणि हवा कोरडी. घाम अंगावरच उडून जाते, टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. मुंबईत हवा दमट, घाम उडत नाही, गळत राहते आणि अंग थंड होत नाही. त्याच पेसला नाडी वाढलेली दिसेल. म्हणून विदर्भातल्या हाफवरून काढलेल्या आकड्यात कि.मी. मागे १०-१५ सेकंद सोडा. शेवटच्या दोन आठवड्यांत ४-५ वेळा ४० मिनिटांची हलकी धाव सकाळी दहा-अकराच्या उन्हात घ्या, शरीर घाम लवकर सोडायला शिकते.

आणि पेडर रोडचा चढ. परतीच्या वाटेवर तो ३५ च्या पुढे येतो. आपला भाग सपाट, म्हणून रेल्वेचा उड्डाणपूल शोधा आणि आठवड्यातून एकदा ६-८ वेळा चढा. पावलं छोटी, नजर १०-१५ मीटर पुढे. उतरताना टाच आपटू नका.

निंबोळी

खाण्याचं मी सांगते, कारण पहिल्या फुलमध्ये पायांइतकंच पोट दगा देते.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि सुरुवात ४० व्या मिनिटाला. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर झाला समजा. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. गुळाचा १० ग्रॅमचा खडा ९ ग्रॅम देते, पण त्यावर दोन घोट पाणी हवंच, नाहीतर घसा चिकटते. बिया काढलेला मऊ खजूर सर्वात सोयीचा, ३-४ खजुरांत २० ग्रॅमच्या वर येते. शेंगदाण्याची चिक्की पळताना नको. तेलामुळे पोटात रेंगाळते, आणि कोरड्या तोंडानं चावताना श्वास तुटते. जेल मागवलेच तर पाण्यासोबत घ्या, ओआरएससोबत नाही.

ओआरएसबद्दल मोठा गैरसमज आहे. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असते. ते मीठपाणी भरून काढते, ताकद देत नाही. आणि पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकलं की मळमळ ठरलेली.

पाणी किती, ते वजनकाट्यावर काढा. तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. ७०० ग्रॅम कमी झालं आणि मध्ये २०० मिली प्यायलात, म्हणजे तासाला ९०० मिली घाम. सगळा भरून काढायचा नाही, तहानेप्रमाणे घोट घोट प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लासभर साधं पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम उतरते. घड्याळाचा पट्टा आणि बोटातली अंगठी घट्ट वाटायला लागली, डोकं दुखते, मळमळते, तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा.

आदले दोन दिवस भात, पोळी, बटाटा, साधं वरण. हरभऱ्याची उसळ, आंबाडीची भाजी, तर्री बंद. पहाटे, सुरू व्हायच्या अडीच-तीन तास आधी कमी तेलाचे पोहे, शेंगदाणे न घालता, किंवा दोन केळी. आणि हे सगळं हाफला तसंच्या तसं करून बघा, त्याच वेळी, त्याच मापानं. हाफचा खरा उपयोग मला हाच वाटतो.

दुखण्याची गोळी पळण्याआधी घेऊ नका. अंगातलं पाणी कमी असताना तिचा ताण किडनीवर येते.

पांदण_रस्ता

ताई, दादा, खूप आभार. तालीम म्हणूनच पळतो. सरावाचा रस्ता मात्र अडचणीचा आहे. डांबरी रोड अरुंद, आणि पहाटे कापसाच्या गाड्या चालू असतात. डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू १२-१३ नंतर धरते.

वऱ्हाडी_बेचाळीस

एकाच कडेनं पळता का? गावरस्त्याचं डांबर मधे उंच, कडेला उतरतं. रोज समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं पळता, ते बरोबरच आहे, पण सतत तिरप्या कडेवर पडून एका पायाची मांडीपासून गुडघ्यापर्यंतची बाहेरची पट्टी ताणते. शक्य तिथं कालव्याचा सपाट सेवारस्ता धरा. पांदण कोरडी असली तर १०-१२ कि.मी. तिथं चालतील, पण बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोरीत घोटा वळतो, अंधारात नको. रानडुकरांचा वावर असेल तिथं उजाडल्यावरच जा, दोघं मिळून. डांबरावर कपाळाला बॅटरी आणि पाठीला चमकती पट्टी हवीच, कारण अनेक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसते.

गुडघा दोन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. तोपर्यंत लाँग रन गुडघा धरायच्या आधीच, १२ च्या आत ठेवा. आणि बूट मुंबईसाठी नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या, अर्धा नंबर मोठे, म्हणजे फुलआधी शंभरेक कि.मी. वापरून होतील.

पांदण_रस्ता

उजवीच कडा. उद्यापासून कालवा. हाफच्या आदल्या रविवारी किती?

काळी_माती

१२, आरामात. त्या आठवड्यात मंगळवारी ६, गुरुवारी ५, शनिवारी पळणं नाही. आणि मुंबईला शनिवारी सकाळी पोहोचू असा बेत करू नका. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधी जाऊन घ्यावं लागते. गुरुवारी संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरा, दर दीड-दोन तासांनी उठून डब्यात चाला, शुक्रवारी बिब घ्या आणि शनिवारी पाय वर करून पडून राहा.