भाड्याची गाडी आणि कोकणातली तळी: तुमचे अनुभव लिहा

काल भाच्याने फोटो पाठवला. भाड्याची गाडी आणि मागे धामापूरचा तलाव. बाबांना घेऊन गेलो होतो ते सगळं डोळ्यांपुढे आलं. कुडाळ स्टेशनला उतरून गाडी घेतली, नेरूरपारचा पूल ओलांडला आणि काळश्यावरून मालवणकडे निघालो. सगळ्यांना समुद्राची घाई. झाडीतून पाणी दिसलं तसे बाबा म्हणाले, थांबव. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस! भगवतीच्या देवळाजवळच्या पायरीवर बसून बांध बघत राहिले. 1530 साली नागेश देसाईंनी बांधलेला, विजयनगरचे मांडलिक ते. अजून त्या पाण्यावर शेती होते. 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला, तेव्हा बाबा नव्हते. फार वाटलं, त्यांना सांगायला हवं होतं.
तुम्हीही लिहा. समुद्र नको, तळी आणि रस्ते.

खाडीपलीकडे
वाचून गलबलले. माझे वडीलही असेच, धरण दिसलं की गाडी थांबलीच पाहिजे.

माडावरून
माजा आजोळ काळश्याक. आजयेन सांगलेली गजाल, लग्नघरातली माणसा फुलांची परडी तळ्यात सोडीत, ती दागिन्यांनी भरान वर येय. कार्य झाला की दागिने परत. एकान दिले नाय, तेच्यापासून बंद.

घाटवाट
कोल्हापूरहून गाडी घेऊन आंबोलीमार्गे सावंतवाडी. घाटात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून उतरलो. संध्याकाळी मोती तलाव, पलीकडे राजवाडा. पोरं चितार आळीत लाकडी खेळण्यांपाशी अडकली, ती निघेचनात. राजवाड्यात गंजिफा बघायच्या राहू देऊ नका, हाताने रंगवलेले गोल पत्ते, किती बारीक काम!

खाडीपलीकडे
@घाटवाट भातुकलीचा लाकडी संच मिळतो का अजून तिथे? नातीसाठी हवाय.

घाटवाट
मिळतो. लाकडी फळंही घ्या, छान असतात.

पिवळी अक्षरं
गाडीचं सांगते. स्वतः चालवायला घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, तिलाच तसा परवाना असतो. पांढऱ्या पाटीची स्वस्त पडते, पण काही झालं तर विम्याचे वांधे. ताबा घेताना मालकासमोर चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. आमच्याकडून एकाने जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले होते, व्हिडिओ दाखवल्यावर डिपॉझिट मुकाट परत केलं. कुकर झालाय, बाकी नंतर.

दोडामार्गकर
तिलारी कोणीच लिहिलं नाही? महाराष्ट्र-गोव्याचं मिळून धरण, मागे अथांग पाणी, चहूकडे रान. चंदगडकडून तिलारी घाटाने येत असाल तर ब्रेक आधी तपासा. उतार फार तीव्र आहे, नवख्याने तिथे स्टिअरिंग धरू नये. रागावून नाही, काळजीने सांगतोय.

माडावरून
पाटचा तलाव पण बघा, परुळ्याच्या वाटेवर. कमळां आणि पक्षी. सकाळी लवकर जावा, हॉर्न मारू नको.

खाडीपलीकडे
हे बेस्ट. मेमध्ये पाणी असतं का तिथे? सुट्टी तेव्हाच मिळते.

माडावरून
मे-त कमी जाता. दिवाळीनंतर येवा. आणि जेवणाचा आधी सांगा, आमच्याकडे सोलकढी मिळतली.